चार मित्र, तीन संसार आणि दीड तासाचा टीव्हीपट: हसू कुठून आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका गावात घडणारा, थेट टीव्हीसाठी लिहिलेला दीड तासाचा विनोदी चित्रपट करायचा आहे. मित्र चार. गजाची बायको राखीला माहेरी गेली, ती महालक्ष्म्यांनाही परत आली नाही. विनूची बायको अंगणवाडी सेविका आहे; घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा तेवढाच, आणि ते विनूला सलतं. वयानं सगळ्यांत मोठा दादाराव रोज रात्री जागलीच्या नावाखाली शेतात झोपायला जातो. सगळ्यांत लहान संजूनं छत्तिशी ओलांडली, पण शेतकऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार नाही. पहिला खर्डा वाचणाऱ्यांनी सांगितलं की पानठेल्यावरचे प्रसंग झकास जमलेत, घरातले रडके आहेत. मग घरातही हशा यावा म्हणून बायकांना जरा भांडकुदळ करावं का, त्यांच्यावरचे विनोद वाढवावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

नका करू. मी लिहायला शिकलो झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत, पुढं टीव्हीसाठी लिहीत आलो. तिकडं धान निघालं, दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. मंडई म्हणजे गावची जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत असलेल्या गावात रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मंडपात लेकी-जावई पाहुणे म्हणून आलेले असतात, सासवा असतात, सोयरिकीच्या गोष्टी करायला आलेली माणसं असतात. बायकोची टवाळी करणाऱ्या संवादाला पुरुषांतून हशा येतो आणि बायका बसलेल्या बाजूला काहीच होत नाही. रंगमंचावरच्या नटाला ते लगेच कळतं आणि पुढच्या प्रयोगाला तो ते वाक्य आपणच गाळतो. टीव्हीवर ही सोय नाही. तिथं तर नवरा, बायको, म्हातारी आणि पोरं एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर बसून तुमचा चित्रपट बघणार. मित्रांसोबत बसून टीव्ही कोणी बघत नाही. जो विनोद पानठेल्यावर चालतो तो बायको शेजारी बसली असताना नवऱ्याला मोकळेपणानं हसू देत नाही, आणि बायको तर उठून भांडी घासायला जाते. तुमचा प्रेक्षक अर्ध्यावर आला.

पण हे झालं बाहेरचं कारण. खरं कारण गोष्टीतच आहे. तुम्ही तिघांच्या अडचणी सांगितल्या, पण गजाची बायको का गेली ते सांगितलं नाही. प्रश्नात नाही, म्हणजे बहुधा खर्ड्यातही नसावं. जोवर ते ठरत नाही तोवर घरातले प्रसंग रडकेच राहणार, कारण लेखकालाच माहीत नाही की बाई कशासाठी रागावली आहे. मग ती नुसती रागावलेली बाई होते, आणि नुसत्या रागावलेल्या बाईवर एक तर विनोद करता येतो किंवा तिच्यावर करुण संगीत टाकता येतं.

माझी सूचना अशी. गजानं दादारावची अडचण भागवायला बायकोची सोन्याची पोत गहाण ठेवली. तिला विचारलं नाही. राखीला माहेरी निघताना तिनं डबा उघडला, पोत नाही. गजानं सांगितलं, "दोस्ताले गरज होती." त्याला वाटलं होतं ती म्हणेल, बरं केलं. ती काहीच बोलली नाही, पोरगी कडेवर घेतली आणि एसटीत बसली. या एका गोष्टीनं तुमचे चारही धागे गुंततात. दादाराव शेतात का झोपतो? गजाचा संसार आपल्यामुळं मोडायला आला ही लाज, आणि घरी बायकोला त्या कर्जाचा पत्ताच नाही. तिघं मित्र गजाच्या बायकोला आणायच्या योजना आखतात, पण पोतीचा विषय एकही जण काढत नाही, कारण तो काढला तर दोस्तीच उघडी पडते. म्हणजे मैत्री या गोष्टीत नुसता आसरा नाही. संसार बिघडण्याचं कारणही तीच आहे, आणि तो सावरायचा तर तीच कामाला येणार. पुरुषांच्या मैत्रीवर विनोदी लिहायचं तर हे दोन्ही एकाच वेळी खरं असावं लागतं.

मैत्री मात्र खरी ठेवा. या मित्रांना स्वार्थी, दारुडे, बायकोच्या धाकातले बावळट असं करू नका. गावात रात्री दोन वाजता बैल फुगला तर बोलवायच्या आधी येणारी ही माणसं आहेत. एकमेकांच्या पेरणीला बियाणं देतात, दवाखान्यात रात्र काढतात. त्यांची अडचण एवढीच की पानठेल्यावर कापसाच्या भावापासून जिल्हा परिषदेच्या तिकिटापर्यंत सगळं बोलतात आणि घरचं एक अक्षर बोलत नाहीत. "कसं हाय?" "मस्त." यापलीकडं जात नाहीत. तुमचा विनोद या न बोलण्यातून यायला हवा. ते जे टाळतात ते प्रेक्षकाला ठाऊक असेल, आणि टाळण्यासाठी ते जी धडपड करतात ती पडद्यावर दिसेल, तर एकाही बाईची चेष्टा न करता हशा मिळतो.

आता घरातलं हसू. गजा एकटा पडला, चूल बंद. मित्र म्हणाले, आम्ही असताना तू उपाशी? तिघांनी वाटून घेतलं: सोमवार-मंगळवार विनूकडून डबा, बुधवार-गुरुवार दादारावकडून, बाकीचे दिवस संजूची आई. मित्र डबा घेऊन येतात, सोबत बसतात, गजाच्या पाठीवर हात ठेवतात. दोस्तीचा हा सगळ्यांत सुंदर प्रसंग. फक्त पोळ्या कोणी लाटल्या? विनूची बायको सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी, दादारावची बायको निंदणाहून आल्यावर. आणि माहेरी गेलेल्या त्या बाईबद्दल या दोघींना मनातून काय वाटतं ते कोणी विचारलेलंच नाही. मग एके दिवशी दोन्ही घरांतून डबा बंद होतो. त्यांनी ठरवून केलं की आपोआप झालं, ते उघड सांगू नका.

"गजाभाऊजीचा डबा आजपासून तुमीच करा. दोस्त तुमचा हाय ना?"

"मले येते काय?"

"रोडगे येते, वांगे येते, पन्नास मान्साची पंगत येते. एका मान्साच्या दोन पोया नाई येत?"

हा संवाद घरातला आहे, बाईच्या तोंडचा आहे, आणि यात ती हास्याचा विषय नाही. ती बरोबर आहे म्हणून हसू येतं. शेजारी बसलेला नवराही हसेल, कारण त्यानं स्वतः रोडगे केलेले असतात.

रोडग्यांवर मी जरा थांबतो, कारण तुमच्या चित्रपटातला सगळ्यांत मोठा प्रसंग तिथं दडलेला आहे आणि खर्ड्यात त्याचा उल्लेखही नाही. वऱ्हाडात शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असला की पुरुष स्वयंपाकाला लागतात. कणीक मळायची, थर देऊन गोळे करायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे. वांग्याच्या भाजीला केवढं तिखट, वरण किती घट्ट, यावर जाणकारीनं वाद घालायचा. आणि वाढताना तर काय आग्रह! घरात पाण्याचा गिलास न उचलणारा माणूस इथं वाकून वाकून वाढतो. हा माणूस मुळात आळशी नाही, अडाणी नाही. चार जणांसमोर करायचं काम तो जीव ओतून करतो, आणि घरात कोणी बघत नाही म्हणून करत नाही. हे तुम्ही दाखवलं तर एका प्रसंगात सगळ्या पुरुष पात्रांचा स्वभाव उभा राहतो. दहा-बारा मिनिटं द्या त्याला. आधी नुसती मजा, चिडवाचिडवी, आर पेटत नाही म्हणून भांडण. मग पंगत बसल्यावर कोणी सहज विचारतं, "गज्या, वैनीले काहून नाई आणलं बे?" आणि ज्या माणसाला खरं कारण माहीत नाही त्यानंच हे विचारलेलं असावं. चौघांचे हात एकदम ताटात जातात. तिथं संगीत टाकू नका.

याच प्रसंगाचा एक व्यवहारी फायदा आहे. पानठेल्यावर लिहिलं की हातात खर्रा येतोच, आणि पडद्यावर तंबाखू दिसली की खाली आरोग्याचा इशारा चालवावा लागतो. चाळीस मिनिटं तोच इशारा खाली चालू राहिला तर प्रसंग मरतो. पात्रांच्या हातांना दुसरं काम द्या. तुरीच्या शेंगा सोलणं, मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करणं, बैलाच्या शिंगांना रंग लावणं. हात कामात असले की पुरुष जास्त खरं बोलतात, हे तुम्हीही गावात बघितलं असेल.

मग आणायला जाण्याचा भाग. याचं बांधकाम तुमच्या गावच्या पोरीच तुम्हाला देतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. तिच्या गाण्यांत रुसलेली सून असते. सासू समजावायला येते, ती उठत नाही. सासरा येतो, दीर येतो, नणंद येते, प्रत्येक जण काहीतरी देऊ करतो, ती उठत नाही. तेच कडवं पुन्हा पुन्हा, फक्त येणारा माणूस बदलतो. विनोदाला यापेक्षा चांगला साचा मिळणार नाही. एकदा तुम्ही साचा बसवला की प्रेक्षक पुढच्या माणसाची वाट बघत बसतो. काही ठिकाणी हे गाणं शेवटी नवरा चाबूक घेऊन येतो आणि मग ती उठते असं संपतं. ते ऐकत वाढलेल्या बायका तुमचा चित्रपट बघणार आहेत. त्या चाबकाच्या जागी तुम्ही काय ठेवता, यावर तुमचा शेवट ठरेल.

आधी कोण जाईल? तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली आणि गावोगाव समित्या झाल्या. आपल्याकडं या समित्यांनी पळून आलेल्या जोडप्यांची लग्नंही लावून दिली आहेत. अध्यक्षाला लग्न लावायचा दांडगा अनुभव, पण लागलेलं लग्न टिकवायचं कसं याचा ठराव वहीत नाही. तो फेटा बांधून जातो, भाषण करतो, चहा पिऊन परत येतो. मग दादाराव जातो. इथं नातं नीट पाळा, कारण पूर्ण प्रसंग त्यावर उभा आहे. दादाराव गजापेक्षा मोठा, म्हणजे गावच्या नात्यानं गजाच्या बायकोचा भासरा, मोठा दीर. ती त्याच्यासमोर पदर घेणार, समोर बसणार नाही, तोंडाला तोंड देणार नाही. दादारावला जे कबूल करायचं आहे ते तो तिला थेट सांगूच शकत नाही. दोघांच्या मध्ये तिची आई बसलेली, आणि दादाराव आईला सांगतो, आई आतल्या खोलीकडं बघून तेच पुन्हा सांगते. पोतीच्या गोष्टीपाशी आला की त्याचा आवाज जातो, आई "काय म्हनता?" विचारते, आणि तो म्हणतो, "पानी द्या म्हनलं." हा प्रसंग नट चांगला मिळाला तर लोक हसता हसता गप्प होतील.

शेवटी संजू. तो सगळ्यांत लहान, म्हणून तिघींचा दीर, तिघींचा "संजूभाऊजी". त्याची थट्टा करता येते, त्याला पाटावर बसवून सुनावता येतं, त्याच्याजवळ रडताही येतं. म्हणजे ज्याचं लग्नच झालं नाही त्या एकाच माणसाला तिन्ही संसारांतली बायकांची बाजू ठाऊक आहे. तुम्ही संजूला फक्त लग्न न जुळण्याच्या विनोदांसाठी ठेवलेला दिसतो. ते विनोद आता फार झाले, आणि ज्या घरांत असा मुलगा बसून आहे त्या घरांना ते लागतात. त्याला निरोप्या करा. त्याच्याकडं तीन खरी कारणं जमलेली आहेत आणि एकही त्याला मित्रांपुढं बोलता येत नाही, कारण मित्र म्हणतात, "तुले काय समजते बे, तुहं तं लगनच नाई झालं." यातून गोष्ट पुढं सरकते. शिवाय संजूबद्दलही प्रेक्षकाच्या मनात आशा तयार होते, कारण बायकांचं ऐकून घेणारा गावात तो एकटाच पुरुष आहे.

आणि गजा स्वतः कधी जातो? दसऱ्याच्या आसपास कापूस फुटतो. पहिल्या वेच्याला सीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग कमरेला ओटी, म्हणजे कापूस ठेवायची झोळी, बांधून वेचायला लागायचं. हे घरच्या लक्ष्मीचं काम. वेचणी बायकाच करतात, किलोवर मजुरी ठरते, आणि हंगामात वेचायला बाई मिळत नाही. घरची बाई नसेल तर गजाचा कापूस बोंडात लोंबणार, वरून अवकाळीची भीती. तो मोटारसायकल काढतो आणि सासुरवाडीला जातो. ती दारातच विचारते:

"माही आठोन आली का कापूस फुटला?"

या एका वाक्यासाठी सगळा चित्रपट लिहा. त्यावर गजाकडं उत्तर नाही. "दोन्ही" म्हणाला तर खरं आहे, आणि खरं असूनही पुरेसं नाही. त्याला रिकाम्या हातानं परत पाठवा. हे तुमच्या गोष्टीच्या अर्ध्यावर आलं पाहिजे, शेवटी नाही. उरलेल्या अर्ध्यात तो स्वतः ओटी बांधून वेचायला उतरतो, बायांच्या ओळीत. बाया त्याला शिकवतात, हसतात, त्याच्या ओटीत कवडी, म्हणजे खराब कापूस आला म्हणून रागावतात. हळूहळू मित्रही उतरतात, आणि रोज संध्याकाळी कमरेला हात लावून बसलेले चार पुरुष एकमेकांकडं बघतात. त्या कापसाच्या पैशातून पोत सुटते. पण पोत घेऊन गजा एकटा जात नाही. दादाराव आपल्या बायकोला सोबत घेऊन जातो, कारण आता तिलाही सगळं माहीत झालेलं आहे. गजाची बायको लगेच येते की दोन दिवसांनी येते, ते तुम्ही ठरवा. तिनं भाषण करून माफ करू नये एवढंच. आणि गजानंही रडून माफी मागू नये. पोत आणताना त्यानं पावती आणली असेल आणि ती तिच्या हातात दिली असेल, तर ते पुरे.

दादारावच्या जागलीत हसायला खूप आहे. सोयाबीन निघून गेलं, वावर मोकळं पडलं, तरी तो रोज संध्याकाळी कांबळं आणि बॅटरी घेऊन निघतो.

"काय राखतं बे?"

"रानडुकरं येते."

"काय खायले? ढेकलं?"

कधी तो म्हणतो रातची लाईन आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे. शेतीच्या विजेच्या पाळ्या दिवसा-रात्री बदलत असतात म्हणून हे कारण चालून जातं, आणि त्याची बायको एक दिवस वायरमनलाच पाळीची वेळ विचारते. हे सगळं घ्या. पण एका गोष्टीपासून लांब राहा. कर्ज झालेला माणूस, रात्री शेतात एकटा, आणि तोंडी "औषध घेतो" अशी धमकी, हे गमतीत वापरू नका. यवतमाळ जिल्ह्यातली गोष्ट आहे. तुमचा चित्रपट बघणाऱ्या कित्येक घरांत ते खरंच घडलेलं आहे, आणि फवारणीची बाटली प्रत्येक गोठ्यात आहे. दादाराव शेतात एकटा आहे याची काळजी मित्रांना वाटली पाहिजे. ते वेगवेगळी निमित्तं काढून रात्री तिकडं जाऊन झोपतात, "माहीबी तूर राखाची हाय" म्हणतात, आणि कोणीच खरं कारण बोलत नाही. त्या रात्रीच्या प्रसंगात हसू आणि काळजी दोन्ही येतील, आणि माझ्या मते तुमच्या मैत्रीच्या गोष्टीतली सगळ्यांत जवळची जागा तीच आहे.

दारूचं बघा. दारूचा सीन म्हणजे विनोद असं समीकरण टीव्हीनं करून ठेवलं आहे, आणि विदर्भातल्या बायकांना ते अजिबात पटत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला उठली. वर्ध्यात बंदी आहे. तुमची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातली म्हणून तिथं बंदी नाही. पण गजाच्या बायकोचं माहेर वर्धा जिल्ह्यातल्या देवळीकडं ठेवलं तर मध्ये जिल्ह्याची हद्द येते. समजावायला जाताना विनू धीर यावा म्हणून सोबत बाटली घेतो आणि हद्दीजवळ येताच तिचं करायचं काय यावर त्याचं सोबतच्या मित्राशी भांडण जुंपतं. एवढा एक प्रसंग पुरे, आणि त्यात बाटली टाकून द्यावी लागते यावरच हसू असावं. पिऊन घरी आलेल्या माणसाच्या झोकांड्यांवर नको.

विनूच्या संसारात मोठं काही घडवू नका. बायकोचा पगार सलतो ही गोष्ट छोट्या हालचालींनी दाखवा: तो तिच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकतो आणि उठून बाहेर जातो, खताच्या दुकानात उधारी मागतो पण घरी मागत नाही. त्याला वाईट माणूस करू नका आणि तिला साध्वीही करू नका. तिलाही कधी कधी सुनवायला आवडतं, ते असू द्या.

पोलिस, कोर्ट यांचा भाग तुमच्या गोष्टीला नको. कोणी तरी धमकी म्हणून केसचं नाव काढतं एवढंच ठेवायचं असेल तर तपशील सांभाळा: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळं सासरच्या छळाच्या नव्या तक्रारीत ठाणेदार कलम ८५ लिहील. गावात मात्र लोक अजून जुन्या कलमाच्या नावानं "चारशे अठ्ठ्याण्णव"च म्हणतात. आणि "खोटी केस टाकते" हा विनोद कृपा करून घेऊ नका. २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा ज्यांच्या कामी आला अशा बायका तुमच्या प्रेक्षकांत आहेत.

बोलीबद्दल. विनोदी नट भारत गणेशपुरे यांच्यामुळं वऱ्हाडीचा ठेका सगळ्या महाराष्ट्राला टीव्हीवर ओळखीचा झाला, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. पण त्यामुळं दुसरी सवय लागली: वऱ्हाडी बोललं की लोक हसतात, मग वाक्यात विनोद नसला तरी चालतो. तुमच्या चित्रपटात सगळेच वऱ्हाडी बोलतात, म्हणून बोली ही हसायची गोष्ट राहू शकत नाही. रागावणं, समजावणं, लाजणं, सगळं त्याच बोलीत यायला हवं. पात्रनिवड करताना यवतमाळ-अमरावतीकडचे नट घ्या. भंडारा-गोंदियाकडचा नट कितीही चांगला असला तरी तो "डोळा"चा "डोया" न करता "डोरा" करेल, आणि गावात पहिल्याच वाक्याला कळेल की हा आपल्याकडचा नाही. एखाद्याला ठेवायचंच असेल तर त्याला तिकडून आलेला जावई करा. नवराबायकोची हाक आधीच ठरवून टाका. दादारावची बायको त्याला "पिंटूचे बाबा" म्हणेल, गजाची बायको "अवो" म्हणेल, विनूची बायको फोनवर मैत्रिणीशी बोलताना त्याचं नाव घेत असेल. तिघींच्या हाकेतच तीन संसार वेगळे ऐकू येतील.

आता टीव्हीचं गणित. बहुतेक वाहिन्या असा चित्रपट दोन तासांच्या वेळेत बसवतात. नियमानं तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरात चालते, म्हणजे तुमच्या हाती साधारण ९६ मिनिटं. जाहिरातींनी त्याचे सहा-सात तुकडे पडणार. प्रत्येक तुकडा असा संपवा की प्रेक्षकाला पुढं कोणी काय करेल याची उत्सुकता राहील, पण खोटा धक्का देऊ नका. माणूस जाहिरातीत उठून पाणी पिऊन येतो, म्हणून नव्या तुकड्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण कुठं आहोत ते एका चित्रातून कळावं: रिकामा डबा, कांबळं घेऊन निघालेला दादाराव. पहिल्या तुकड्यात, साधारण पंधरा मिनिटांत, चौघं मित्र, पोत आणि एसटी हे सगळं होऊन गेलं पाहिजे. तुमच्या खर्ड्यात पानठेल्यावरच्या गप्पांना बहुधा तेवढी मिनिटं आधीच गेलेली असतील. त्यातल्या सगळ्यांत चांगल्या तीन-चार गोष्टी ठेवा, बाकीच्या कितीही आवडत असल्या तरी काढा. टीव्हीचा पडदा लहान, म्हणून मोठ्या गर्दीचे प्रसंग खर्चिक असूनही फिके दिसतात. दोन माणसं, एक दार, एक चूल, हे टीव्हीला जमतं. जागा सहापेक्षा जास्त नकोत: पानठेला, गजाचं घर, विनूचं घर, वावर, माहेर आणि रस्ता.

शूटिंग दसऱ्यानंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत ठेवा. कापूस फुटलेलं वावर तेवढेच दिवस पांढरं दिसतं, आणि खोटा कापूस लावून ते कधीच जमत नाही. ज्याचं वावर घ्याल त्याच्याशी वेचणीचे दिवस आधी ठरवा, नाहीतर तुमचे नट येईपर्यंत बोंडं रिकामी झालेली असतील. वेचणाऱ्या बाया खऱ्याच घ्या, त्यांना त्या दिवसाच्या मजुरीहून जास्त द्या आणि गजाला शिकवण्याचे संवाद त्यांना पाठ करायला देऊ नका. प्रसंग समजावून सांगा आणि कॅमेरा चालू ठेवा. रोडग्यांचा प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी, सलग करा, कारण आर एकदा विझला की तसाच पुन्हा पेटत नाही. आणि परतीच्या पावसाचा एक-दोन दिवसांचा धोका वेळापत्रकात धरा. काळ्या मातीत जनरेटरची गाडी रुतली की तो दिवस हातचा गेला.